१ कोटी ४० लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही: गाडी उत्तम, कर्जाची मांडणी धोक्याची

प्रश्न: वय ४५. भोसरीत माझं मशीन शॉप आहे, मालकी एकट्याची. करापूर्वीचा नफा वर्षाला साधारण ६० लाख. म्युच्युअल फंडात ७० लाख आहेत. गृहकर्जाचे ३८ लाख बाकी, हप्ता ५२ हजार. मुलगी अकरावीत आहे, बारावीनंतर तिला परदेशी शिकायला पाठवायचं आहे. बीएमडब्ल्यू आयएक्स एक्सड्राइव्ह ५० मनात भरली आहे, एक्स-शोरूम १ कोटी ४० लाख. फंडातून ५० लाख काढायचे आणि ९० लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घ्यायचे, असा विचार आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणं होतं, त्यात मुंबईच्या फेऱ्या आणि एकदा कोल्हापूर. डिझेल वाचेल, कर वाचेल, रोड टॅक्सही नाही. घेऊ का? की बीएमडब्ल्यूच्याच ४९ लाखांच्या छोट्या आयएक्स१ वर थांबू?

उत्तर: या मांडणीत घेऊ नका. गाडीबद्दल तक्रार नाही, अडचण कर्जाची आहे.

९० लाखांचा हप्ता १ लाख ४४ हजार ८०० रुपये येतो. गृहकर्ज धरून दरमहा १ लाख ९७ हजार. नव्या करप्रणालीत ६० लाखांवर तुमचा कर साधारण १५ लाख ८० हजार होतो, म्हणजे हातात महिन्याला ३ लाख ६८ हजार. निम्म्याहून जास्त उत्पन्न हप्त्यांत जाईल. जॉबवर्कचे पैसे ६० ते ९० दिवसांनी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. एका मोठ्या ग्राहकाने ऑर्डर कमी केली तर पगार, स्टील आणि हप्ता हे तिन्ही एकाच ओव्हरड्राफ्टमधून जातील. सात वर्षांचं नुसतं व्याज ३१ लाख ६० हजार आहे.

याहून मोठा धोका गाडीच्या फेरविक्रीत आहे. ३६ हप्ते भरल्यावरही कर्जाची बाकी ५८ लाख असेल. विम्याच्या नेहमीच्या तक्त्यात तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची घोषित किंमत ४० टक्के घट धरून काढतात, म्हणजे सुमारे ८४ लाख. बाजारात मात्र आयात केलेल्या महाग इलेक्ट्रिक गाडीला बहुतेक वेळा त्याहून कमी मिळतं. घेणारे मोजके असतात आणि नवं मॉडेल तेवढ्याच पैशात जास्त पल्ला देतं. भाव ५५ लाखांवर आला तर गाडी विकूनही कर्ज फिटणार नाही. आणि नेमकी तेव्हा मुलगी दुसऱ्या वर्षाला असेल. शिक्षणकर्जासाठी बँक तुमचे चालू हप्ते मोजेल आणि फंडात जेमतेम २० लाख उरलेले असतील.

५० लाख काढण्यालाही किंमत आहे. त्यात निम्मा दीर्घकालीन नफा धरला तर १ लाख २५ हजारांच्या सवलतीनंतर साडेबारा टक्क्यांनी तीन लाखांच्या आसपास कर जातो.

आता तुमची तीन कारणं.

डिझेलची बचत आहे, पण छोटी. वर्षाला १८ हजार किलोमीटर, डिझेल एसयूव्हीचं मायलेज ११ आणि लिटरला ९१ रुपये धरले तर दीड लाखाच्या आत खर्च येतो. आयएक्सला १०० किलोमीटरला २२ युनिट आणि चार्जिंगमधली दहा टक्के घट धरून ४,३५० युनिट लागतील. सरासरी १२ रुपयांनी ५२ हजार. वर्षाची बचत ९७ हजार, म्हणजे एका हप्त्यापेक्षाही कमी.

रोड टॅक्सची माफी भरघोस आहे. एवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात १५ टक्के, म्हणजे २१ लाख लागले असते. पण तुम्ही ती डिझेल गाडी घेणारच नव्हता, त्यामुळे हे २१ लाख वाचले असं हिशेबात धरू नका. बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर लागेल, तो विवरणपत्रात वळता होतो.

करबचत खरी आहे आणि तिच्याकडे नीट पाहायला हवं. व्यवसायाच्या गाडीवर १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून वजावट मिळते, बॅटरीवरच्या गाडीवर ४० टक्के. पहिल्या वर्षी ५६ लाख होतात. चौथा हिस्सा घरगुती वापराचा म्हणून वगळला तर ४२ लाख. तेवढ्याने त्या वर्षीचा कर १५ लाख ८० हजारांवरून पावणेदोन लाखांच्या आत येतो. मात्र तीन गोष्टी तपासा. गाडी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर वापरात आली तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. अनुमानित नफ्याच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून विवरण भरत असाल तर वेगळा घसारा मिळतच नाही. जीएसटीचं क्रेडिटही अशा मोटारीवर मिळत नाही. यापलीकडे एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही: तीन वर्षांनी वह्यांत गाडीची किंमत ३० लाखांवर आलेली असेल. ती ६० लाखांना विकली, तर ४० टक्के घसाऱ्याच्या गटात दुसरी मालमत्ता नसल्याने वरचे ३० लाख अल्पकालीन भांडवली नफा ठरतात आणि स्लॅबप्रमाणे करपात्र होतात. घरगुती वाट्यामुळे आकडा थोडा हलेल. वाचलेल्या कराचा मोठा भाग असा पुढे ढकललेला असतो. तो खर्च करून बसू नका.

राहिली गाडी. आयएक्स ५० मध्ये ५२३ अश्वशक्ती आणि ७६५ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, ० ते १०० चा वेग ४.६ सेकंदांत. आयएक्स१ मध्ये २०४ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर आणि ८.६ सेकंद. एक्सप्रेस वेवर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, त्यामुळे ही ताकद ओव्हरटेक करतानाच कामी येते, आणि तिथे आयएक्स१ ही कमी पडत नाही. खरा फरक बॅटरीत आहे. आयएक्सची वापरता येणारी क्षमता १०५ युनिट, म्हणजे एसी लावून हायवेवर ४७० किलोमीटर धरा. आयएक्स१ ची बॅटरी ६६ युनिटची, १८ युनिटच्या वापराने साडेतीनशेच्या आसपास. मुंबईची जा-ये ३०० किलोमीटरची आहे, ती दोघींना जमते. कोल्हापूरची ४७० ची आहे. तिथे आयएक्स१ ला एकदा जलद चार्जरवर अर्धा तास थांबावं लागेल आणि आयएक्सलाही परतताना काटा शून्याशी आलेला परवडणार नाही. म्हणजे पल्ल्यापुरतं बघितलं तर ९१ लाखांच्या फरकाने वर्षातले फार तर बारा थांबे आखूड होतात. बाकी पैसे शांतता, एअर सस्पेन्शन आणि मागच्या सीटच्या आरामाचे आहेत. तो आराम विकत घेण्यासारखा आहेच, फक्त मुलीच्या फीच्या पैशातून नव्हे.

या रचनेचा खर्चही समजून घ्या. आयएक्सच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबरचे भाग आहेत. पुढची जाळी बंद आहे आणि तिच्यामागे कॅमेरा, रडार बसवलेले आहेत. बारीक ओरखडे तिचा लेप स्वतः भरून काढतो, पण पार्किंगमधल्या धडकेत जाळी बदलून सेन्सर पुन्हा जुळवावे लागतात. बॉनेट मालकाला उघडता येत नाही, काचेचं पाणी पुढच्या बोधचिन्हाखालून भरतात. गाडीचं वजन अडीच टनांच्या घरात, चाकं २१-२२ इंची आणि स्टेपनी नाही. त्यामुळे पावसाळ्यातल्या खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर क्रेन बोलवावी लागते. थर्ड पार्टी विम्याला इलेक्ट्रिक म्हणून सूट आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता यामुळेच जड असतो. विमा घेताना शून्य घसारा (बदललेल्या भागांच्या किमतीतून झीज न कापणं), पाण्याने बॅटरी बिघडण्याचं संरक्षण आणि संपूर्ण नुकसानीत बिलाची रक्कम मिळण्याचं कलम, ही तिन्ही लेखी घ्या. शेवटचं कलम बहुतेक कंपन्या पहिल्या काही वर्षांपुरतंच देतात.

माझा कौल आयएक्स१ ला. ही चेन्नईत जुळवली जाते. फंडातून २० लाख काढा, ३० लाख चार वर्षांसाठी घ्या. हप्ता ७४,६५० येतो, गृहकर्ज धरून उत्पन्नाच्या ३४ टक्के. फंडात ५० लाख राहतात. त्यातली मुलीच्या पहिल्या दोन वर्षांच्या फीइतकी रक्कम आतापासून थोडी थोडी लिक्विड किंवा अल्पमुदतीच्या डेट फंडात हलवा.

मोठीच हवी असेल तर दोन वाटा आहेत. एक, निर्मात्याच्या फायनान्स शाखेची ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याची योजना. फेरविक्रीचा धोका त्यांच्याकडे जातो, पण करारातली किलोमीटर मर्यादा आणि ओरखड्यांची वजावट वाचा. आणि हप्ता ८० हजारांच्या वर जात असेल तर तीही सोडा. दुसरी, दोन-तीन वर्षं वापरलेली आयएक्स एक्सड्राइव्ह ४०, सर्व धरून ६० लाखांच्या आत. तिची वापरता येणारी बॅटरी ७१ युनिटच आहे, त्यामुळे मुंबईची फेरी जेमतेम होईल. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागा. बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी तुमच्या नावावर येते का, विम्याचे जुने दावे काय आहेत आणि मूळ चार्जर सोबत आहे का, हेही पाहा. गाडी खालून लिफ्टवर चढवून बॅटरीचं कवच खरवडलेलं नाही ना, ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

बुकिंगआधी चार्जिंग नक्की करा. वर्कशॉपला थ्री फेज जोडणी असेलच. ११ किलोवॅटचा चार्जर दर फेजला १६ अँपिअर घेतो. मशीन चालू असताना मंजूर भारात तेवढी जागा आहे का आणि अर्थिंग ठीक आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. चार्जरला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि डीसी गळती ओळखणारं संरक्षण लावा. भार कमी पडत असेल तर वाढीव भाराचा अर्ज आधी, गाडीचं बुकिंग नंतर.