आठ वर्षांच्या मुलीला घरीच शिकवायचंय: पद्धत कोणती, साहित्य कोणतं?

मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे, जूनपासून घरी शिकवणार आहात, आणि माँटेसरी (साधनं हाताळत शिकणं) घ्यावी की अनस्कूलिंग (ठरलेला अभ्यासक्रम न ठेवता मुलाच्या आवडीने शिकणं), शैक्षणिक साहित्याचं तयार किट मागवावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

किट आत्ता मागवू नका. पद्धतीचं नावही पहिले तीन महिने बाजूला ठेवा. आधी दहावी कुठून देणार ते बघा, कारण पुस्तकं आणि माध्यम त्यावरच ठरतं. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर मराठीतूनही देता येते. पाच विषय पुरतात, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एकेक-दोन विषय सोडवत जाता येतं. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. म्हणून शाळा सोडताना दाखला हातात घ्याच, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. पुन्हा शाळेत घालायची वेळ आली, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

बहुतेक घरांत पहिली चूक वेळापत्रकाची होते. सकाळी आठपासून एकपर्यंत शाळेसारखे तास, घंटा, गृहपाठ, आणि आईची बाई होते. तिसऱ्या आठवड्यात रडारड सुरू. वर्गात चाळीस मुलांची हजेरी आणि वह्या तपासण्यातच बराच वेळ जातो. घरी एका मुलीला बसून शिकायला दोन तास भरपूर. त्यात गणित 30 मिनिटं, वाचन-लेखन 45, बाकी परिसर. उरलेला दिवस तिचा. ती कशात रमते हे याच वेळात कळतं, आणि पद्धत त्यावरून निवडायची. हाताने करून बघणारी असेल तर माँटेसरी, गोष्टींत बुडणारी असेल तर पुस्तकांवर आधारलेली.

साहित्य महाग लागत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी भागात पानं, बिया, खडे यांवरच मुलांना शिकवलं. तुमच्याकडे एक गणितमाळ हवीच: 100 मणी, दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून. दोरी वीतभर सैल ठेवा, घट्ट ओवली तर मणी सरकत नाहीत आणि माळ निरुपयोगी होते. 36 अधिक 27 करताना 36व्या मण्यानंतर कपड्यांचा चिमटा लावा. चार मणी सरकवले की 40, उरले 23, म्हणजे 63. हे डोळ्यांनी दिसल्यावर हातच्याचं गणित पाठ करून घ्यावं लागत नाही.

बालभारतीची पुस्तकं आणि ‘किशोर’ या त्यांच्या मुलांच्या मासिकाचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. प्रयोगांसाठी, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ पुरून उरेल.

लेखनाकडे मात्र आतापासून लक्ष द्या. घरी शिकणारी मुलं छान बोलतात, भरपूर वाचतात, पण परीक्षेत सलग अडीच-तीन तास लिहायची वेळ आली की हात दुखतो, पेपर अर्धा राहतो. सध्या रोज पाच ओळी: आज काय केलं ते, तिच्या शब्दांत. चुका लाल पेनाने खोडू नका, नाहीतर ती दोन ओळींवर येईल. अकराव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून अर्धा तास लिहायला बसवा. वहीवर तारखा घाला. पुढे शाळेत प्रवेश घ्यायचा झाला तर तीच वही दाखवता येते.