समलिंगी आणि ख्रिस्ती: पाच पत्रं, पाच उत्तरं

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे संक्षेपाने दिली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मी २४ वर्षांचा आहे. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. उपासनेत मी हार्मोनियम वाजवतो. मुलींचं आकर्षण मला कधीच वाटलं नाही. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये असं सांगणारं बायबलमधलं लेवीय १८:२२ वाचल्यापासून प्रभुभोजनासाठी, उपासनेतली भाकर घ्यायला, हात पुढे होत नाही. मी मंडळी सोडावी का? (अहिल्यानगर)

सोडू नका. आधी प्रभुभोजनाबद्दल बोलू, कारण दुखणं तिथे आहे. १ करिंथकरांस ११:२८ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. त्या अध्यायात त्याचा राग आहे तो आधीच जेवून घेणाऱ्यांवर, ज्यांच्यामुळे गरीब उपाशी राहतात (वचनं २१-२२). शिवाय आकर्षण वाटणं आणि कृत्य करणं यांत समलिंगी संबंधांना पाप मानणारे जबाबदार पाळकही फरक करतात. तेव्हा पुढच्या वेळी निःशंक हात पुढे करा.

आता वचनं. या विषयावर नेहमी दाखवली जातात ती सात: उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथकरांस ६:९, १ तीमथ्य १:१० आणि यहूदा ७. सुटं वचन वाचू नका, अख्खा अध्याय वाचा, तोही दिवसाला एकच. रात्री मोबाइलवर एकामागून एक प्रवचनं ऐकली की फक्त भीती वाढते, अभ्यास होत नाही.

उत्पत्ती १९ मध्ये सदोमचे पुरुष पाहुण्यांवर सामूहिक बलात्कार करायला आले आहेत. शास्ते १९ मध्ये गिबा गावी तोच प्रसंग एका स्त्रीच्या वाट्याला येतो. हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. यहेज्केल १६:४९ सदोमचा दोष सांगतो तो गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबाला हात न देणं. पुढच्याच वचनात अमंगळ कृत्यांचा आणि यहूदा ७ मध्ये लैंगिक पापाचा उल्लेख आहे, तोही लपवू नये. पण एकमेकांच्या मर्जीने सोबत राहणाऱ्या दोघांची ही गोष्ट नाही, हे वाचताच कळतं.

लेवीयबद्दल एक सोपा युक्तिवाद फिरत असतो. त्याच पुस्तकात डुकराचं मांस (११:७) आणि दोन प्रकारच्या सुतांचं कापड (१९:१९) निषिद्ध आहे, ते आपण मानत नाही, मग हेही कशाला मानायचं? हा युक्तिवाद एकटा टिकत नाही. जवळच्या नात्यातल्या संबंधांची मनाई त्याच १८व्या अध्यायात आहे आणि ती आपण आजही पाळतो. पाळकसाहेबांशी बोलताना एवढाच मुद्दा हाती असेल तर दोन मिनिटांत निरुत्तर व्हाल. इस्राएलला शेजारच्या राष्ट्रांपासून वेगळं ठेवण्यासाठी कोणता नियम होता आणि सर्वांसाठी, सर्वकाळ कोणता, हा खरा प्रश्न आहे. त्यावर बायबलचे अभ्यासक खरोखरच दुभंगलेले आहेत.

सर्वांत वजनदार उतारा रोमकरांस पत्रातला. देवाला टाकून मूर्तींकडे वळलेले, वासनेने पेटलेले लोक पौल रंगवतो आणि २:१ ला एकदम वाचकाकडेच वळतो: दुसऱ्याला दोष लावणाऱ्या, तुलाही सबब नाही. काही अभ्यासकांच्या मते हे वर्णन त्या काळच्या उच्छृंखल आणि शोषणाच्या संबंधांचं आहे, दोघांच्या एकनिष्ठ सोबतीला ते लागू होत नाही. इतरांच्या मते पौलाच्या मनात उत्पत्ती १-२ मधली नर-नारीची रचना आहे, म्हणून मनाई सरसकट आहे. आमचा कल पहिल्या वाचनाकडे आहे. दुसरं वाचन मनापासून स्वीकारून अविवाहित राहणारेही समलिंगी ख्रिस्ती आहेत, आणि त्यांचा तो निर्णय त्यांनी स्वतः घेतलेला असेल तर त्याचा मान राखला पाहिजे. करिंथ आणि तीमथ्य इथल्या ग्रीक शब्दांचा नेमका आवाका वादात आहे, तेव्हा त्या दोन वचनांवर आयुष्याचा निकाल लावू नका.

सात वचनं झाली की प्रेषितांची कृत्ये ८:२६-४० वाचा. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २३:१ ने ज्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारला होता, तो षंढ रथात यशयाचं पुस्तक वाचत बसला आहे. माझा बाप्तिस्मा व्हायला काय हरकत आहे, असं तो विचारतो, आणि सुवार्तिक फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. षंढ म्हणजे समलिंगी नव्हे, ही ओढाताण आपण करायची नाही. पण दार कोणासाठी उघडलं गेलं, ते इथे दिसतं.

व्यवहाराचं एक. ही गोष्ट पंचकमिटीला किंवा तरुण संघाच्या सभेत पहिल्यांदा सांगू नका. आधी एकाच माणसाला सांगा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते याचा तुम्हाला पूर्वीचा अनुभव आहे. पाळकांना सांगायचं असेल तर आधी तिसऱ्या कोणाचा तरी विषय म्हणून त्यांचं मत काढा. घरखर्च आईवडिलांवर अवलंबून असेल तर राहण्याची पर्यायी सोय होईपर्यंत थांबण्यात भित्रेपणा नाही.

आम्ही वसईचे कॅथलिक. २७ वर्षांच्या मुलाने मला सांगितलं की तो समलिंगी आहे. त्याच्या पप्पांना अजून माहीत नाही. एक ओळखीच्या बाई म्हणतात, रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनाशिबिराला, नेऊन दुष्ट आत्म्यापासून सुटकेची प्रार्थना करून घ्या. नणंद म्हणते, लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल.

ताई, नणंदेला कळलं आहे म्हणजे गोष्ट तुमच्या हातून सुटायला लागली आहे. आधी ते थांबवा. ही माहिती मुलाची आहे. पप्पांना कधी, कोणी सांगायचं हे त्याला विचारून ठरवा, आणि कोणाकोणाला कळलं आहे तेही त्याला खरंखरं सांगा.

लग्न हा उपाय नाही. त्याने तुमचा मुलगा बदलणार नाही आणि एका परक्या मुलीचं आयुष्य मात्र अडकेल. चौथं पत्र वाचा.

सुटकेच्या प्रार्थनेबद्दल चर्चचाच नियम पाहा. चर्चच्या कायद्याचं कलम ११७२ सांगतं की भूतबाधा काढण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही करू शकत नाही, आणि ती परवानगी फक्त धर्मगुरूलाच मिळते. कोणा प्रवचनकाराने हात ठेवून ‘समलिंगीपणाचा आत्मा’ बाहेर काढणं कॅथलिक शिकवणुकीत बसत नाही. धर्मशिक्षणाच्या ग्रंथातले परिच्छेद २३५७ ते २३५९ तुम्ही स्वतः वाचा. समलिंगी कृत्यांना त्यात मान्यता नाही आणि अशा व्यक्तींना ब्रह्मचर्याचं आवाहन आहे. पण त्यांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं, अन्याय्य भेदभावाची कोणतीही खूण टाळावी, हेही तिथेच आहे. हा कल स्वतः पाप नाही, असं व्हॅटिकनच्या १९८६च्या पत्रात आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितलं की चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही. नणंदेला हेच सांगा.

‘बदलण्याचे’ प्रयोग जगात झाले आहेत. अमेरिकेतली एक्झोडस इंटरनॅशनल ही त्यातली सर्वांत मोठी ख्रिस्ती संघटना १९७६ मध्ये सुरू झाली. २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि संघटना बंद केली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. समुपदेशक शोधताना भेटीची वेळ घेण्याआधी फोनवर एकच विचारा: तुम्ही लैंगिक कल बदलता का? ‘प्रयत्न करू’ असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. या प्रयोगांनी कल बदलत नाही. प्रार्थना करूनही बदल झाला नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी पडला, असं मुलाच्या मनात बसतं, आणि निराशा तिथून सुरू होते. झोप उडणं, जेवण टाकणं, मरणाची भाषा करणं यातलं काही दिसलं तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर कधीही फोन करता येतो.

प्रार्थना मात्र जरूर करा. त्याच्यासोबत, त्याला चालत असेल तर. त्याच्यादेखत ‘देवा, याला बरं कर’ असं म्हणू नका.

आम्ही दोघी आठ वर्षं एकत्र राहतो, दोघी कॅथलिक. चर्चमध्ये आशीर्वाद मिळेल का? (मुंबई)

लग्नविधी नाही. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणेनुसार धर्मगुरू समलिंगी जोडप्याला साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतात. ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात तो कसा असावा तेही आहे: दहा-पंधरा सेकंदांचा, वेदीसमोर किंवा चर्चमधल्या मुख्य जागी नाही, ठरलेल्या प्रार्थनेशिवाय, लग्नासारखे कपडे किंवा अंगठ्या यांच्याशिवाय. आरोग्य, शांती, धीर आणि एकमेकींना मदत, यांसाठी फादर प्रार्थना करतील. ओळखीच्या फादरना आधी एकांतात विचारा. मिस्सा संपल्यावर गर्दीत अचानक विचारलंत तर सहानुभूती असलेले फादरही नकार देतील. फोटो काढून पसरवू नका, त्याचा त्रास फादरना होतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, त्यामुळे कागद स्वतः करून ठेवा. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि ज्यांना काही द्यायचं आहे त्यांना साक्षीदार करू नका, नाहीतर त्यांना दिलेलं रद्द होतं. मूळ गोव्याच्या असाल तर तिथल्या वकिलाला विचारा, कारण गोव्याच्या कायद्यात सक्तीच्या वारसांचा अर्धा हिस्सा राखीव असतो. संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे. शाखेत कोणी अडवलं तर तो दाखवा.

लग्नाला तीन वर्षं झाली. नवऱ्याने आता कबूल केलं की तो समलिंगी आहे आणि हे लग्नाआधीच त्याच्या घरच्यांना माहीत होतं. चर्चमध्ये लग्न रद्द होतं का? (पुणे)

तुमचा राग रास्त आहे. तुम्हाला फसवलं गेलं आहे.

कॅथलिक असाल तर आपल्या धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे अर्ज करा. बहुधा चर्चच्या कायद्याची दोन कलमं लागतील: १०९५, म्हणजे लग्नाच्या मूलभूत जबाबदाऱ्या पेलण्याची मानसिक असमर्थता, आणि १०९८, म्हणजे संमती मिळवण्यासाठी केलेली फसवणूक. १०९८ साठी लपवाछपवी लग्नाआधीची होती हे दाखवावं लागतं, म्हणून जुने मेसेज जपा आणि घरच्यांपैकी ज्याला माहीत होतं अशा साक्षीदाराचं नाव द्या. डिसेंबर २०१५ पासून दुसऱ्या न्यायमंडळाकडून निकाल पक्का करून घेण्याची सक्ती उरलेली नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी न्यायमंडळाची वाट नाही.

इथे अनेक जणी फसतात: चर्चचा निकाल सरकारदरबारी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकमाशिवाय दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरेल. दोघांची संमती असेल तर १८६९च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ वापरा. त्यात दोन वर्षं वेगळं राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने ती एक वर्षावर आणली होती, म्हणून इथे काय चालतं ते वकिलाला विचारा. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील तर सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची मोफत, गोपनीय तपासणी करून घ्या. त्याच्याबद्दल मंडळीत जाहीर बोलू नका. न्याय कागदावर मिळवा.

मी पाळक आहे. मंडळीतल्या एका मुलाने मला विश्वासाने सांगितलं. पुढे काय करू?

पहिल्या भेटीत फक्त ऐका. तो काय करतो, कोणासोबत करतो, हे विचारू नका. त्याने विचारल्याशिवाय बायबल उघडू नका. तुमचं मत परंपरेचं असेल तर ते लपवू नका, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगा, आणि मत काहीही असलं तरी त्याची मंडळीतली जागा कायम आहे हे आधी सांगा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. त्याच्या आईवडिलांना, पाळकबाईंना किंवा कमिटीच्या सेक्रेटरींना सांगू नका.

येत्या दोन-तीन महिन्यांत या विषयावर प्रवचन करू नका, कितीही सहानुभूतीचं असलं तरी. ते आपल्यावरच आहे हे त्याला कळेल, आणि कदाचित इतरांनाही. मंडळीत अभ्यास घ्यायचा असेल तर वर्षभराने घ्या. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने लैंगिकतेवर मंडळ्यांसाठी साहित्य काढलं आहे, ते मागवा. त्याला त्याच्यासारख्या इतरांना भेटायचं असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे. त्याला नुसता पत्ता देऊन मोकळे होऊ नका. महिन्याने स्वतः फोन करून ‘कसा आहेस’ एवढंच विचारा, आणि तो काम करत असेल तर त्याचं संडे स्कूलचं किंवा गायनाचं काम काढून घेऊ नका.