भरती तर झाला, आता बेळगावला जाईपर्यंत काय करायचं?

पत्र: सर, आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मुलगा १९ वर्षांचा, बारावी झालाय. अग्निवीरमध्ये निवड झाली, मेडिकल पण फिट आलं, सात आठवड्यांनी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचंय. रोज सकाळी मित्रांबरोबर मैल मारतो, ५ मिनिटं २० सेकंदांत, संध्याकाळी जिम. पण घरात पाण्याचा ग्लास स्वतः उचलून घेत नाही, बाबांनी आवाज चढवला तर दोन वेळ जेवत नाही. मोबाइलवर ते बूट कॅम्पचे व्हिडिओ बघतो आणि मग रात्री झोप नाही. शरीराची, मनाची तयारी कशी करायची? गणेशचवथीला घरी सोडतील का? आणि नाहीच झेपलं तर परत येता येतं का? – एक आई

नमस्कार ताई,

आधी अभिनंदन. ऑनलाइन परीक्षा, मग मैदान, मग मेडिकल, या तिन्हीतून पार होणारी पोरं किती कमी असतात ते मी दरवर्षी बघतो, त्यामुळे तुमच्या झिलाला कमी समजू नका.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तो अजून भरतीचीच तयारी करतोय. भरती संपली. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की पूर्ण ६० मार्क, दहा पुलअप्सचे ४०, हे सगळं एका सकाळचं काम होतं. सेंटरला त्याला सहा-सात महिने रोज उठायचंय, आणि तिथे एका दिवशी हिरो होणाऱ्यापेक्षा पन्नासाव्या दिवशी पण पाय धड असलेला पोरगा पुढे जातो.

म्हणून पहिलं काम, तो रोजचा मैल बंद. आठवड्यातून एकदाच मारू दे, वेग जाऊ नये म्हणून. बाकी तीन दिवस सावकाश लांब पळायचं, ५ किलोमीटरपासून सुरुवात करून हळूहळू ८ पर्यंत, आणि वेग असा की बाजूच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. त्याला हे आवडणार नाही, त्याला वाटेल आपण म्हाताऱ्यांसारखं धावतोय. वाटू दे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात पण हाडांना आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना (टेंडन) महिने लागतात, हाड तर नवीन भार आला की आधी थोडं कमकुवत होतं आणि मग भरून येतं. ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात पोरांच्या नडग्या दुखायला लागतात, काहींना हाडाला बारीक चीर जाते, त्याचं कारण हेच, अंगात दम भरपूर आणि पाय कच्चे. परेडमध्ये टाच आपटायची, दिवसभर बुटात उभं राहायचं, हे जिममध्ये कोणी करत नाही.

एक दिवस पाठीवर बॅग घेऊन चालायचं. सुरुवातीला ५ किलो, शेवटी शेवटी १०, त्याच्यावर नको, आणि बॅग घेऊन धावायचं तर अजिबात नाही. गावात चढाचा रस्ता असेलच, तो पुरे. पुढे त्याला रायफल आणि सामान घेऊन ५ किलोमीटरची टेस्ट द्यायची असते पण ते तिथले उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, पायरी पायरीने करून घेतात, घरी आधीच करून गुडघा घालवून घेऊ नये. आणखी एक दिवस पुशअप्स, सिटअप्स, उठाबशा, पुलअप्स. एक दिवस पूर्ण आराम, म्हणजे खरंच आराम, क्रिकेट पण नाही.

तिथे दोरावर चढावं लागतं आणि त्यात आपल्या पोरांचे हात सुटतात. घरामागे विहीर असेल तर पंप बंद करा आणि महिनाभर त्याच्याकडून रहाटाने पाणी काढून घ्या, मी मस्करी करत नाहीये. ओळखीचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, असेल तर माडावर चढायला शिकवेल का विचारा, फक्त कोणीतरी खाली उभं पाहिजे आणि पावसात नको, चाललेली नोकरी माडावरून पडून जायची.

पायांची काळजी हा विषय कोणी बोलत नाही, मी बोलतो. नखं सरळ कापायची, पाय धुतल्यावर बोटांमधली जागा कोरडी करायची, ओले मोजे घालून बसायचं नाही. आपल्या पावसात निम्म्या पोरांच्या बोटांत चिखल्या असतातच, त्या आत्ताच डॉक्टरला दाखवून बऱ्या करून घ्या. दिवसभर चपलेत फिरणाऱ्या पोराला एकदम जाड बूट मिळाले की फोड ठरलेले, म्हणून आतापासून रोज दोनेक तास कुठलाही जाड बूट आणि मोजे घालून वावरू दे.

जिमवाल्याने दिलेली पावडर कसली आहे ते बघा. डब्यावर धड नाव नसेल तर फेकून द्या. अंडी, चणे, दूध, नाचणी, आणि आपलं नुस्तं, म्हणजे मासे, आहेच. मात्र एक सवय आत्ताच लावा, तिथे लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात, चपाती-डाळ-भाजी समोर येणार, रोज शीत-कडी (भात आणि माशाचं कालवण) मिळणार नाही. आठवड्यातून चार दिवस घरात बिनमाशाचं जेवण करा आणि कुरकुर ऐकू नका. (तुम्हालाच जड जाईल, मला माहितीय.)

आता मनाचं. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे असतात आणि त्यात ओरडणं तेवढं कापून लावलेलं असतं. आपल्याकडे पण ओरडा बसतो, रगडा म्हणजे शिक्षेचा व्यायाम मिळतो, एकाची चूक आणि अख्ख्या प्लाटूनला (तुकडीला) फ्रंट रोल म्हणजे कोलांट्या, हे मी लपवणार नाही. पण उस्ताद ओरडतो तो तुमच्या मुलावर नसतो, समोर जो उभा त्याच्यावर असतो, कारण घाईत आणि आवाजात पण हुकूम ऐकून हात बरोबर चालला पाहिजे हे त्याला शिकवायचंय. ज्या पोराला हे कळलं तो रात्री झोपतो. ज्याला वाटतं की मलाच का, तो पडून रडतो. जेवण सोडायची सवय हाच धोका आहे ताई, तिथे रुसून जेवला नाही तर कोणी समजूत काढायला येणार नाही आणि दुसऱ्या सकाळी पीटीला चक्कर येऊन पडेल. म्हणून घरी एक नियम करा, बाबा काहीही बोलले तरी ताटावर बसायचं. आणि बाबांना सांगा मुद्दाम ओरडून सराव देऊ नका, मागे एका वडिलांनी माझा सल्ला असाच उलटा घेतला आणि घरात महिनाभर अबोला.

दुसरं, स्वतःचं काम स्वतः. कपडे धुणं, इस्त्री, बटण लावणं, पलंगाची चादर ताणून घालणं, बूट पॉलिश, पंधरा मिनिटांत आंघोळ करून तयार होणं. तिथे पहिल्या महिन्यात पोरं धावून दमतात त्याच्यापेक्षा या बारीकसारीक कामांत वेळ न पुरल्यामुळे जास्त दमतात, कारण तो वेळ झोपेतून जातो. तुम्ही त्याचं ताट उचलायचं आजपासून बंद करा. पहाटे साडेचारला उठायचंच आहे पण धावून आल्यावर परत झोपतो ते बंद, आणि रात्री साडेनऊला मोबाइल तुमच्याकडे. सेंटरला फोन हवा तेव्हा मिळत नाही, तर ती सवय घरीच मोडलेली बरी.

आणि हिंदी! आपली पोरं घरात कोंकणी, शाळेत मराठी, आणि हिंदी फक्त सिनेमातली. तिथे हुकूम हिंदीतून, सावधान, विश्राम, दाहिने मुड, थम. बाजूच्या खाटेवर कोल्हापूर, साताऱ्याची पोरं असतील, त्यांच्याशी मराठी चालेल, पण उस्तादाने काय सांगितलं ते पहिल्या फटक्यात कळलं नाही तर पोरगा घाबरतो आणि सगळे समजतात हा मठ्ठ आहे. रोज अर्धा तास हिंदी बातम्या ऐकू दे.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, चोर्ला घाट चढला की हवा बदलते. आपल्या घामट हवेत धावलेल्याला तिथे धावणं तसं सोपं वाटतं पण थंडीत पहाट बोचते, तेव्हा आंघोळ गार पाण्याने सुरू करायला हरकत नाही.

परत येण्याबद्दल. स्वतःच्या मर्जीने मध्येच सोडून यायची सोय या योजनेत नाही, फारच अपवादात्मक कारण असलं तरच, म्हणून आता घरी मोकळेपणाने विचारा की त्याला खरंच जायचंय का, की मित्र भरले म्हणून हाही भरला. मात्र दुखापत झाली तर ती लपवू नये, गोळी खाऊन धावू नये. बरा होईपर्यंत मागच्या बॅचला टाकतात, ते अपमानाचं नाही, पण चीर गेलेल्या हाडावर धावून कायमचा अनफिट झाला तर मग खरंच परत यावं लागेल. अग्निवीरची चार वर्षं संपल्यावर २५ टक्क्यांपर्यंतच सैन्यात ठेवतात, तो वेगळा विषय, त्याच्यावर आता झोप घालवू नका.

चवथीला नाही सोडणार असंच धरून चला. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना तो नसणार आणि त्या दिवशी फोन आला तर रडू नका, किंवा रडा पण फोन ठेवल्यावर. घरात कोण काय बोललं, गायीला काय झालं, कर्ज किती, हे त्याला पहिले दोन महिने सांगायचं नाही. तो म्हणेल मला न्यायला या, पहिल्या तीन आठवड्यांत बहुतेक सगळेच म्हणतात. त्यावर एवढंच विचारा, जेवलास का, पाय कसे आहेत.

जायच्या आदल्या रात्री मित्र पार्टी ठेवणार, आपल्याकडे ते होतंच. आदल्या आठवड्यात करा म्हणावं. आणि सामान हजर व्हायच्या पत्रात लिहिलंय तेवढंच, जास्त नको. लोखंडी पेटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा, झाकणाच्या आतून नाव लिहा, कुलूप घ्याल त्याला दोन चाव्या असू देत आणि एक चावी दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात.