नवशिक्यांचा आयरिश अभ्यासगट: आधी एक बोली ठरवा, मग बोलायला बसा

तुमच्या प्रश्नावरून समजते की पुण्यातील तुम्ही पाच जण मिळून आयर्लंडची आयरिश भाषा शिकू इच्छिता, सगळ्यांनी ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारे ॲप सुरू केले आहे, व्हॉट्सॲपवर गट तयार आहे आणि आता आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटून नेमके काय करावे हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. पुस्तक कोणते, नियम काय, वेळ कोणती हे सारे नंतर ठरवता येईल. पहिल्या भेटीत एकच निर्णय घ्या: उच्चार कोणत्या बोलीचा शिकायचा. अनेक वर्षे अशा गटांत वावरल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की हा निर्णय टाळणारे गट दोन-तीन महिन्यांतच गोंधळून जातात.

आयरिशच्या तीन मुख्य बोली आहेत. दक्षिणेची मन्स्टर, पश्चिमेची कॉनाख्त आणि उत्तरेची अल्स्टर. ‘तू कसा आहेस’ हा अगदी पहिल्या धड्यातला प्रश्नसुद्धा तिन्हीकडे वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो, आणि ‘मी आहे’ हे कॉनाख्तमध्ये ‘ता मे’ असे दोन शब्दांत, तर मन्स्टरमध्ये ‘ताइम’ असे एका शब्दात म्हणतात. १९५८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने प्रमाण भाषेचे नियम प्रसिद्ध केले, परंतु ते शुद्धलेखनाचे आणि व्याकरणाचे आहेत. प्रमाण उच्चार असा त्यांत ठरवून दिलेला नाही. त्यामुळे पाच जणांनी पाच ठिकाणांहून ध्वनिफिती ऐकल्या, तर प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असूनही भेटीचा निम्मा वेळ एकमेकांना दुरुस्त करण्यात जातो. तिन्हींपैकी श्रेष्ठ कोणतीच नाही. ज्या बोलीतील शिक्षक किंवा पाठ्यक्रम तुम्हाला सहज मिळत असेल ती घ्या आणि निदान पहिले वर्ष ती सोडू नका. त्यांगलन (teanglann.ie) या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर अनेक शब्दांचे तिन्ही बोलींतील ध्वनिमुद्रण ऐकता येते, तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने उभारलेल्या अबर या प्रणालीत आपण लिहिलेले वाक्य निवडलेल्या बोलीत यंत्राच्या आवाजात ऐकायला मिळते.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगेन, कारण ती आपल्याच लिपीशी निगडित आहे. मराठी माणूस सवयीने उच्चार देवनागरीत लिहून ठेवतो आणि गटात तेच टिपण सगळीकडे फिरते. आयरिशमध्ये बहुतेक व्यंजनांची दोन रूपे आहेत, एक जाड आणि एक तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून उच्चारलेले, आणि त्यांच्यातील फरकाने अर्थ बदलतो. गाय आणि जिवंत या अर्थांचे दोन शब्द देवनागरीत आपण ‘बो’ असेच लिहून मोकळे होतो, पण पहिल्यातला ‘ब’ जाड आहे आणि दुसऱ्यातला तालव्य. होडीला ‘बाद’ म्हणतात. अनेक होड्या म्हणताना बदलते ते केवळ शेवटचे व्यंजन: ते तालव्य होते. मी या उत्तरात देवनागरी वापरली आहे ती फक्त दिशा दाखवण्यासाठी. तुमच्या गटात मात्र लिखित उच्चारांऐवजी ध्वनिसंदेश पाठवण्याचा नियम करा, म्हणजे चूक कानाला कळेल आणि डोळ्यांना चुकीची सवय लागणार नाही.

भेटीत काय करावे, याचे उत्तर आयरिशच्या स्वभावातच आहे. या भाषेत शब्दाचे पहिले व्यंजन संदर्भानुसार बदलते. एका बदलाला शेव्हू आणि दुसऱ्याला उरू म्हणतात. मांजराला ‘कात’ म्हणतात. ‘त्याचे’, ‘तिचे’ आणि ‘त्यांचे’ या तिन्हींसाठी ‘अ’ हा एकच शब्द आहे, आणि मांजर नेमके कोणाचे हे पुढच्या व्यंजनावरूनच कळते: त्याचे मांजर म्हणताना ‘क’ घशातून घासत ‘ख’च्या जवळ जातो (हा शेव्हू), तिचे म्हणताना ‘क’ तसाच राहतो आणि त्यांचे म्हणताना ‘गात’ असे ऐकू येते (हा उरू). हा तक्ता पाठ करायला पंधरा मिनिटे पुरतात. तो जिभेवर बसायला महिने लागतात, आणि तेवढ्यासाठीच गट हवा. एकाने चित्र दाखवून हे कोणाचे असे विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, तिसऱ्याने तेच उत्तर दुसऱ्या व्यक्तीसाठी बदलावे आणि असे फिरत राहावे. पाऊण तासाच्या भेटीत व्याकरणाचे स्पष्टीकरण दहा मिनिटांपेक्षा अधिक नसावे. ते मराठीतच करा, कारण काही रचना आपल्याला इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर उमगतात: आयरिशमध्येही ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ अशाच धाटणीने बोलतात, आणि ‘आलास का?’ याला आपण ‘आलो’ म्हणतो तसे तिथेही क्रियापदानेच उत्तर देतात, कारण ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत.

यंत्राने केलेले भाषांतर गटात नमुना म्हणून कधीही टाकू नका. आयरिशच्या बाबतीत ते अजूनही पुष्कळदा चुकते आणि नवशिक्याला ती चूक ओळखता येत नाही.

नवशिक्यांच्या गटाचा खरा धोका हा आहे की सगळे मिळून एकच चूक पक्की करतात. म्हणून महिन्यातून निदान एकदा अस्खलित बोलणाऱ्या व्यक्तीने तुमचे बोलणे ऐकलेच पाहिजे, मग त्यासाठी पैसे मोजून शिक्षक घ्यावा लागला तरी चालेल. अशी माणसे विपुल नाहीत. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले, पण शिक्षणव्यवस्थेबाहेर ती रोज बोलणारे केवळ ७१,९६८ होते. त्यामुळे ऑनलाइन संभाषण-मंडळात भेटणारे बरेच जण स्वतः शिकणारेच असतात. त्यांची सोबत मोलाची आहे, परंतु उच्चाराचा अंतिम निवाडा त्यांच्यावर सोपवू नये. १८९३ पासून भाषेसाठी काम करणाऱ्या कॉनरा न गेल्गे या संस्थेकडे वर्गांची चौकशी करा. आयर्लंडमधील मेनूथ विद्यापीठाच्या टेग या आयरिश भाषेच्या परीक्षेचा ए१, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीचा, अभ्यासक्रमही पाहा. स्वतःची ओळख, कुटुंब, दिनक्रम असे त्यातील विषय घेतले की पुढे काय शिकायचे हा वाद उरत नाही. परीक्षा द्यायची की नाही ते नंतर ठरवा.

वेळेचा हिशेब मात्र आधीच करून ठेवा. आयर्लंड हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, आणि हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. तिथला संध्याकाळचा वर्ग पुण्यात मध्यरात्रीच्या आसपास सुरू होईल, म्हणून तिथल्या शनिवार सकाळचा शिक्षक शोधा. अकराची वेळ मिळाली तर तुमच्याकडे दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतील. मधल्या आठवड्यांतील तुमच्या पाच जणांच्या भेटीही शनिवारी त्याच वेळी ठेवा.