ईईजी, एमआरआय आणि रिसर्च असिस्टंटची नोकरी: वाचकांचे प्रश्न

माणसांच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट म्हणून काम कसं असतं याबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच आज घेते. ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे सिग्नल नोंदवणं, आणि एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या मशीनने मेंदूचा स्कॅन काढणं.

मी ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) केलंय, बायोलॉजी दहावीनंतर सुटली. मला कुणी घेईल का? (सांगली)

घेतील, लॅबला तुमच्यासारखी माणसं हवीच असतात. मेंदूचे भाग, त्यांची नावं, कामं हे वाचून शिकता येतं, पण सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजायचा) काय, फिल्टर कुठे लावायचा आणि कुठे अजिबात नाही, ग्राउंड नीट नसेल तर काय होतं हे ज्याला आधीच कळतं तो पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडतो. ईईजीचा सिग्नल मायक्रोव्होल्टमधला, इतका बारीक, की भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात सहज घुसते, शेजारी लॅपटॉपचा चार्जर लावला तरी दिसते.

एक उदाहरण सांगते. स्क्रीनवर चित्र आलं की त्याच क्षणी रेकॉर्डिंगमध्ये खूण पडायला हवी, त्याला ट्रिगर म्हणतात. आता कोडने चित्र दाखवायला सांगितलं आणि चित्र खरंच उमटलं यात अंतर असतं, कारण ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनीच नवी फ्रेम काढतो, वर त्याचा स्वतःचा उशीर वेगळा. चित्र बघितल्यावर मेंदूचा सुरुवातीचा ठळक प्रतिसाद साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, तिथे खूण ३० मिलिसेकंद इकडेतिकडे झाली तर पुढचं सगळं विश्लेषण चुकीच्या जागी बसतं. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा छोटा सेन्सर, चिकटवून हा उशीर प्रत्यक्ष मोजायचा. हे तुम्ही मनापासून कराल, आणि लॅबमध्ये ते करणारा माणूस अनेकदा नसतोच.

दिवसभर नक्की करायचं काय? मैत्रीण म्हणते ईईजीची इलेक्ट्रोडवाली टोपी घालायची आणि बटण दाबायचं, बस. (नाशिक)

बटण दाबायला एक सेकंद लागतो हो, पण त्याआधीचा तासभर हीच खरी नोकरी आहे. काम आदल्या रात्रीच सुरू होतं, येणाऱ्याला मेसेज जातो की केस धुऊन या, तेल नको, कंडिशनर नको. तरी आपल्याकडे चप्प तेल लावून माणसं येतातच, त्यांना परत पाठवायचं नाही, लॅबमध्ये शाम्पू, टॉवेल आणि ड्रायर ठेवायचा. मग डोक्याचा घेर मोजायचा, ५६ सेंटीमीटर आला तर ५६ ची टोपी. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, दोन्हींचे मध्य जिथे मिळतात तिथे मधला इलेक्ट्रोड. त्यानंतर ६४ चॅनेलची टोपी असेल तर प्रत्येक भोकातून केस बाजूला सारायचे, कापसाच्या काडीच्या टोकाने त्वचा हलकेच घासायची आणि बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरायचं. जेल कमी पडलं तर त्वचेशी संपर्क होत नाही, जास्त झालं तर पसरून शेजारच्या इलेक्ट्रोडला मिळतं आणि दोन्हीकडे एकच सिग्नल दिसायला लागतो. लांब, दाट केस असतील तर हात दुखून येतात. साध्या इलेक्ट्रोडना इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमध्ये विजेला होणारा अडथळा, ५ ते १० किलोओहमच्या खाली आणायचा असतो आणि एखादा हट्टी चॅनेल काही केल्या खाली येत नाही, तेव्हा समोरच्याशी गप्पा मारत शांतपणे परत परत घासायचं.

सगळं झालं की मी समोरच्याला स्क्रीन दाखवते. आता पापणी मिटा, दात आवळा. तो केवढा मोठा झटका दिसतो ते बघितलं की माणूस आपोआप स्थिर बसतो, दहा वेळा सूचना देऊन तेवढा फरक पडत नाही. मग डोळे मिटायला सांगायचं, डोक्याच्या मागच्या चॅनेलवर ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लाटा उसळून आल्या की रेकॉर्डिंग बहुतेक ठीक आहे. जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाच्या ईईजीवर पहिला पेपर छापला त्यात ह्याच लाटा होत्या आणि मला आजही त्या बघायला आवडतात.

आणि लॉगबुक लिहायचं, हाताने, तेव्हाच्या तेव्हा. अमुक ब्लॉकमध्ये खोकला आला, एसी बंद पडला, घामाने बेसलाइन (सिग्नलची मूळ रेषा) सरकायला लागली, सगळं. रेकॉर्डिंग मुळातच खराब असेल तर सहा महिन्यांनी कितीही भारी कोड लिहिला तरी ते चांगलं होत नाही, हे माझं ठाम मत आहे. सेशन संपल्यावर केस धुवायला गरम पाणी द्या, ते विसरू नका.

मुलगी एमआरआय मशीनवर काम करणार आहे. रेडिएशनचा त्रास होईल का? (एक आई, कोल्हापूर)

ताई, एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे ती काळजी सोडा. जपायचं ते चुंबकापासून. ३ टेस्लाचा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण साठ हजार पट, आणि स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, रात्रीसुद्धा. २०१८ मध्ये मुंबईत एका तरुणाचा ऑक्सिजन सिलिंडरसकट त्या खोलीत गेल्यामुळे जीव गेला, तेव्हा पेपरात आलं होतं, तुम्ही वाचलं असेल. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी हे तुमच्या मुलीचं सगळ्यात जबाबदारीचं काम असणार. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना लोक आठवणीने काढतात, साडीच्या आतली सेफ्टी पिन राहून जाते. काजळाबद्दलही विचारायचं, त्यातही धातू असू शकतो. ऑपरेशन झालंय का असं नुसतं विचारलं की लोक नाही म्हणतात, कारण हाताच्या हाडाला बसवलेली धातूची पट्टी त्यांच्या लेखी ऑपरेशन नसतं, म्हणून रॉड, स्क्रू, पेसमेकर, कानातलं मशीन असं एकेक नाव घेऊन विचारायचं. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण असू शकतो, तेही विचारायचं. शंका असेल तर स्कॅन नाही, मग सर कितीही घाईत असोत.

स्कॅनमध्ये गाठीसारखं काही दिसलं तर त्या माणसाला सांगायचं का? (पुणे)

तुम्ही नाही सांगायचं. चेहऱ्यावरही काही येऊ द्यायचं नाही, कारण समोरचा तुमच्याकडेच बघत असतो. आपण डॉक्टर नाही आणि संशोधनाचा स्कॅन निदानासाठी घेतलेला नसतो. लगेच प्रमुख संशोधकांना कळवायचं, ते रेडिओलॉजिस्टला दाखवतील आणि पुढचं बोलणं योग्य माणूस करेल. असं काही आढळलं तर काय करणार हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं हवं, आणि ते समोरच्याला कळेल अशा भाषेत. गावाकडून आलेल्या आजोबांच्या हातात इंग्रजी कागद देऊन सही घेणं चुकीचं आहे, मराठीत वाचून दाखवा, प्रश्न विचारू द्या. मधेच उठून जायचा हक्क त्यांना आहे, कारण न देता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे आहे.

पगार किती, आणि अर्ज कुठे करायचा? (नागपूर)

प्रोजेक्टवर अवलंबून. नेट किंवा गेट असेल आणि जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार अधिक घरभाडं, बाकी पदांना बहुतेक कमी. नोकरी प्रोजेक्ट संपेपर्यंतच, हे घरी आधीच सांगून ठेवा. बंगळुरूचं निमहान्स आणि आयआयएससी, मानेसरचं एनबीआरसी (नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर) यांच्या वेबसाइटवर जाहिराती येतात, त्या बघत राहा. प्राध्यापकांना थेट मेल करायलाही हरकत नाही, पण पंचवीस जणांना एकच मेल पाठवू नका, ते लगेच ओळखू येतं. पायथॉन शिका, इंटरनेटवर फुकट मिळणारा ईईजी डेटा उतरवून एमएनई-पायथॉन या ईईजीच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करा आणि मेलमध्ये चार ओळी त्याबद्दल लिहा, कुठला चॅनेल काढला आणि का काढला.