कंपनी बंद पडल्यावर भरपाई मिळूनही माणूस का खचतो?

आपण विचारले आहे की, कारखाना बंद झाल्यावर वडिलांना भरपाईची चांगली रक्कम मिळाली, घरखर्चाची चिंता नाही, तरी ते दिवसभर गप्प बसून असतात आणि सांगितलेली साधी कामेही करत नाहीत. हा आळस समजावा का? मुळीच समजू नये.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ मिळाल्यावर लोक अधिक वाचतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयाने शुल्क काढून टाकूनही पुस्तकांची देवघेव निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने चालताना वारंवार थांबत, बहुतेकांनी घड्याळ वापरणे सोडले होते आणि सकाळपासून काय केले हे त्यांना सांगता येत नसे. बायकांची चाल मात्र मंदावली नव्हती, कारण चूल, मुले आणि धुणे त्यांच्यामागे होतेच. याहोडा यांनी पुढे मांडले की, नोकरी पगाराखेरीज दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसे, सामाईक उद्दिष्ट, समाजातले स्थान आणि नियमित काम देते. भरपाईच्या धनादेशात यांतले काहीच नसते.

लालबागमध्ये वाढल्यामुळे मला हे पुस्तकी वाटत नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा कामावर जाता आलेच नाही. आमच्या चाळीतले एक साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे, काका त्यानंतरही पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गॅलरीत उभे राहत आणि कोणी ‘काका, आज कुठे?’ असे विचारले की आत निघून जात. तुटलेल्या धाग्याची गाठ त्यांना न बघता मारता येई. ते कसब आता कोणालाच नको होते, ही बोच पैशाने जाणारी नव्हती.

म्हणून वडिलांना ‘आता आराम करा’ असे म्हणू नका आणि वेळ जावा म्हणून किरकोळ कामेही सोपवू नका, कारण ती कशासाठी दिली आहेत हे त्यांना बरोबर कळते. ज्याला त्यांचे ज्ञान लागते, ज्याची वेळ ठरलेली आहे आणि ते न गेल्यास कोणाचे तरी अडते, असे काम शोधा. मग ते ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नव्या मुलांना शिकवणे का असेना. मानधन थोडे असले तरी ते त्यांच्याच हाती पडू द्या. झोप उडाली असेल किंवा जगण्याविषयीच ते निराश बोलत असतील, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.