मूड यायची वाट बघताय का?

या वेळी आलेली पत्रं वाचताना एक वाक्य परत परत समोर आलं, "आतून उत्साहच येत नाही हो." कुणी अभ्यासाबद्दल लिहिलंय, कुणी व्यायामाबद्दल, कुणी नवीन काहीतरी शिकायला घेण्याबद्दल, पण गाडं अडतं ते एकाच ठिकाणी. म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, बाकीच्यांनीही ते उत्तर वाचा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, नोकरी करतो. रोज रात्री मोटिव्हेशनल व्हिडिओ बघतो, बघताना अंगात नुसतं वारं भरतं, उद्यापासून पहाटे उठायचं, व्यायाम करायचा, नोकरी सांभाळून परीक्षेचा अभ्यास करायचा असं सगळं ठरतं आणि सकाळी अलार्म वाजला की सगळं गार. दोन-तीन दिवस कसंबसं जमतं मग ये रे माझ्या मागल्या. माझ्यात विलपॉवरच नाहीये का?

विलपॉवरचा निकाल एवढ्यात लावू नकोस. रात्री व्हिडिओ बघताना नक्की काय होतं ते आधी बघूया. तू डोळ्यासमोर काय आणतोस? परीक्षा पास झालेला, तब्येत कमावलेला, लोक कौतुक करतायत असा तू. ते चित्र इतकं छान असतं की यश मिळाल्याचं थोडंसं समाधान तुला अंथरुणातच मिळून जातं आणि त्यासाठी लागणारी खटपट कुठेच दिसत नाही.

गाब्रिएले ओटिंगन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हाच विषय वर्षानुवर्षं लावून धरलाय. १९९१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वजन कमी करायच्या कार्यक्रमात आलेल्या २५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की ज्या बायका बारीक झाल्याची गोड गोड चित्रं रंगवत होत्या त्यांच्या वजनातली घट वर्षभरानंतर बाकीच्यांपेक्षा सुमारे ११ किलोने कमी होती, म्हणजे स्वप्नं जास्त आणि फरक कमी. पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली जी लोक सांगायला विसरतात, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. "मला हे जमेल" असा ज्यांना विश्वास होता त्यांना उलट जास्त यश मिळालं. म्हणजे जमेल हा विश्वास वेगळा आणि जमलंच आहे असं चित्र बघत बसणं वेगळं. आपण दोन्हीला पॉझिटिव्ह थिंकिंगच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. पुढे २०११ च्या प्रयोगांमध्ये तर असं आढळलं की अशी सुखाची चित्रं रंगवल्यावर माणसाचं वरचं ब्लडप्रेशरसुद्धा थोडं खाली येतं, म्हणजे शरीर सैल पडतं, आराम मोडमध्ये जातं. झोपायच्या आधी ते ठीक आहे पण कामाला लागायचं असेल तर नाही.

मग करायचं काय? स्वप्न सोडायचं नाही, फक्त त्याच्या शेजारी अडथळ्याला बसवायचं. मला काय हवंय, ते मिळालं तर काय चांगलं होईल, आणि लगेच पुढचा प्रश्न, माझ्या आतलं काय मला अडवतंय? बाहेरची कारणं नंतर. तुझं पत्र वाचून मला वाटतं तुझा अडथळा रात्रीच आहे, सकाळी नाही. व्हिडिओ बघता बघता उशीर होतो, झोप अर्धवट होते आणि मग अलार्मला दोष.

अडथळा सापडला की त्याला एक "जर-तर" जोडायचा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रकार १९९० च्या दशकात नीट मांडला. "मी अभ्यास करणार" हे नुसतं ठरवणं झालं. "रात्रीचं जेवण झालं की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून टेबलापाशी बसणार आणि पहिलं एकच पान वाचणार" यात वेळ, जागा आणि कृती तिन्ही आलं, मग ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. २००२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास तुझ्यासाठीच आहे असं समज. एका गटाला व्यायामाबद्दल काहीच विशेष सांगितलं नाही, दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायामाची भरपूर मोटिव्हेशन देणारी माहिती वाचायला दिली, आणि तिसऱ्याला त्या माहितीबरोबर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केलेले पहिल्या गटात ३८ टक्के, नुसतं मोटिव्हेशन मिळालेल्यात ३५ टक्के आणि लिहून ठेवणाऱ्यांत ९१ टक्के! नुसत्या मोटिव्हेशनने काही फरकच पडला नाही बघ.

आणि एक, मूड आल्यावर काम होतं हे अर्धंच खरं आहे, काम सुरू केल्यावर मूड येतो हे जास्त वेळा होतं. बंद पडलेली गाडी धक्का मारून चालू करतात ना, तसं. डिप्रेशनच्या उपचारातही एक पद्धत याच तत्त्वावर चालते, माणसाला बरं वाटायची वाट न बघता छोट्या छोट्या ठरवलेल्या कृती करायला लावतात आणि मन मागून येतं. तेव्हा पहाटे उठणं, व्यायाम आणि अभ्यास असं तिन्ही एकदम नको, एकच धर. अभ्यास धर. व्हिडिओ बघायचेच असतील तर अभ्यास झाल्यावर बघ.

प्रश्न : मी घरी असते, वय ३८. एका कोर्समध्ये सांगितलं म्हणून रोज सकाळी आरशात बघून "मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे, सगळे माझ्यावर प्रेम करतात" असं म्हणते. पण खरं सांगू का, म्हणून झालं की जास्तच रडायला येतं. माझंच काहीतरी चुकतंय का?

नाही ताई, तुमचं काही चुकत नाहीये. हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत होत नाही, यावर चक्क प्रयोग झालाय. कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" हे वाक्य मनात परत परत म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीपासून बरं वाटत होतं त्यांना थोडं अजून बरं वाटलं, आणि ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता त्यांना ते वाक्य म्हटल्यावर, न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना याची गरज जास्त त्यांनाच त्रास. कारण साधं आहे, तोंड जे म्हणतंय ते मन मानत नाही, मग मन आतून एकेक पुरावा काढून दाखवतं की बघ हे असं नाहीये, ते तसं नाहीये.

त्यामुळे ती वाक्यं बंद करा, अगदी आजपासून, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. त्याऐवजी खरं वाटेल एवढंच म्हणा. "काल मला बोलायची भीती वाटत होती तरी मी बोलले" हे वाक्य छोटं आहे पण त्याला मन नाही म्हणूच शकत नाही, कारण ते घडलेलं आहे. अजून एक गोष्ट करून बघा. घाबरायला होतं किंवा स्वतःचा राग येतो तेव्हा स्वतःशी बोलताना "मी" न म्हणता स्वतःचं नाव घ्या, जसं आपण मैत्रिणीशी बोलतो तसं, "अगं अमुक, एवढं काय झालंय, आता पुढे काय करायचं ते बघ." इथन क्रॉस या संशोधकाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की असं नावाने बोलणाऱ्यांना भाषणासारखा ताणाचा प्रसंग जास्त नीट हाताळता आला. आपण मैत्रिणीला कधी इतकं टाकून बोलत नाही जितकं स्वतःला बोलतो, म्हणून मला हा उपाय फार आवडतो.

आणि रडायला येतंय ना, ते कशामुळे येतंय हेही कुणा जवळच्या माणसाशी एकदा बोलाच. आरसा ऐकून घेत नाही ताई, माणूस घेतो.

प्रश्न : सवय लागायला २१ दिवस लागतात म्हणतात. माझी लिहायची सवय सोळाव्या दिवशी तुटली. आता परत पहिल्यापासून मोजायचं का?

मोजूच नका. २१ चा आकडा आला कुठून तर एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून, मॅक्सवेल मॉल्ट्झ नाव त्यांचं. ऑपरेशननंतर आपल्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला पेशंटला निदान २१ दिवस तरी लागतात असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं, पुढे लोकांनी "निदान" हा शब्द गाळला आणि सगळ्याच सवयींना तो आकडा चिकटवला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर खरोखरच अभ्यास केला, २०१० मध्ये तो छापून आला, त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. पंधरा दिवस लिहिलंत ते वाया गेलेलं नाही, आज सोळावं लिहा.

प्रश्न : माझं वय ५२. मुलं मोठी झाली, आता वेळ आहे, कॉम्प्युटर शिकून काहीतरी काम करावं असं फार वाटतं पण क्लासला सगळी विशी-पंचविशीची मुलं. घरचे म्हणतात पॉझिटिव्ह राहा, सगळं जमेल. पण विश्वास कुठून आणायचा?

किती चांगला प्रश्न विचारलात! विश्वास आणता येत नाही हो, तो तयार होतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये यावर सविस्तर मांडणी केली, "मला जमेल" ही भावना कुठून येते तर मुख्यतः चार ठिकाणांहून. स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं बघणं, कुणीतरी धीर देणं, आणि आपल्या शरीराचे इशारे, म्हणजे छाती धडधडणं, हात थरथरणं, हे आपण कसे समजून घेतो ते. यात सगळ्यात ताकदवान पहिलं. घरचे देतायत तो धीर, तोही हवाच, पण तेवढ्यावर गाडी लांब जात नाही.

मग पहिल्या प्रकारचा विश्वास मिळेल असं काम निवडा. पहिल्याच आठवड्यात पूर्ण होईल इतकं छोटं, पण अगदीच सोपं नको, नाहीतर जमल्याचा आनंदच होणार नाही. एक पत्र स्वतः टाइप करून, सेव्ह करून, कुणाची मदत न घेता पाठवा. मग पुढचं. दुसरं म्हणजे विशीतल्या मुलाला बघून तुम्हाला "जमेल" वाटणार नाही कारण तो तुमच्यासारखा नाही, म्हणून पन्नाशीनंतर शिकलेली एखादी ओळखीची बाई शोधा आणि तिला विचारा, सुरुवातीला काय काय अडलं होतं. अडलेलं विचारा, यश नाही, उपयोग त्याचाच होतो. क्लासमध्ये हात थरथरला तर "मला येत नाही म्हणून थरथरतोय" असा अर्थ लगेच लावू नका, नवीन काही करताना कुणाचाही थरथरतो.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजला आहे, एका परीक्षेत नापास झाला. तेव्हापासून गप्प असतो. आम्ही सगळे त्याला समजावतो की निगेटिव्ह विचार करू नकोस, पॉझिटिव्ह राहा, तर तो चिडून खोलीत निघून जातो. आई म्हणून मी काय करू?

ताई, तुमची तळमळ कळते, पण काही दिवस ते वाक्य त्याच्यासमोर अजिबात बोलू नका. एक तर "तो विचार करू नकोस" म्हटलं की तोच विचार येतो. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि अस्वल परत परत येत राहिलं. दुसरं म्हणजे त्याला त्या वाक्यातून असं ऐकू येतं की माझं दुःख या घरात कुणाला नकोय. तुम्हाला तसं म्हणायचं नसतं हे मला माहितीये, पण त्याला तसंच ऐकू येतं.

त्याच्या शेजारी बसा, सल्ला न देता. "खूप वाईट वाटलं असेल ना रे" एवढंच म्हणा आणि गप्प राहा, तो लगेच बोलणार नाही, चालेल. वडिलांनाही सांगा की भावाचं, शेजारच्या मुलाचं उदाहरण नको. काही दिवसांनी तो स्वतःच "मी अभ्यासच केला नाही" असं म्हणाला तर "मी सांगत होते ना" हे गिळून टाका. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा २०१० चा एक अभ्यास आहे, पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. स्वतःला कोसत राहिलं की पुस्तकाकडे बघायचीच भीती वाटते, म्हणून माणूस अजून लांब पळतो. मग एकत्र बसून फक्त पुढचं एक पाऊल ठरवा, कुठला विषय, कुठला धडा.

पण एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालं, तर हा विचार बदलून सुटायचा प्रश्न नाही, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. आणि जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलला तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी न्या आणि त्याला एकटं सोडू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

प्रश्न : कृतज्ञतेची डायरी रोज लिहिते पण आता अगदी यांत्रिक झालंय, रोज तेच तेच. बंद करू का?

बंद नको, कमी करा. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला होता, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रविवार ठरवून टाका, "कुटुंब, आरोग्य, घर" अशी यादी करू नका, त्या आठवड्यात कुणी नेमकं काय केलं ते एकच लिहा आणि जमलं तर त्या माणसाला फोन करून सांगा.